मोठी कंपनी, बँक किंवा संस्था समोर असताना : सांगलीतल्या पक्षकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत वकिली करतो. माझं जवळजवळ सगळं काम एकाच बाजूचं आहे. समोर विमा कंपनी, बँक, पतसंस्था, रुग्णालय, बिल्डर किंवा बियाणं कंपनी असते आणि माझा पक्षकार असतो एकटा माणूस, बहुतेक वेळा हातात एक पिशवी आणि तिच्यात घडी घालून ठेवलेले कागद. खालचे प्रश्न रोज कानावर पडतात. काहींना एका ओळीत उत्तर देता येतं, काहींना नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, म्हणून इथे माझं नाव, पत्ता, फोन काही मिळणार नाही. माहिती तेवढी घ्या.

एवढ्या मोठ्या कंपनीपुढे माझं काय चालणार?

चालतं. पण कशाच्या जोरावर चालतं ते आधी समजून घ्या. कंपनीकडे तीन गोष्टी असतात : कागद, वेळ आणि तुम्ही थकून जाल याची खात्री. पहिलं नकाराचं पत्र आलं की बरीच माणसं तिथेच थांबतात. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेनंतर आणखी काही जण येईनासे होतात. कंपनीचा मोठा विजय या न आलेल्या माणसांमुळे होतो, युक्तिवादामुळे फार क्वचित होतो.

आपल्याकडे ग्राहक चळवळ उभी राहिली ती याच जाणिवेतून. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ साली, ग्राहक संरक्षण कायदा आला. सध्या लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. त्याआधी १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलं की सरकारी प्राधिकरणसुद्धा सेवा देत असेल तर ग्राहकाला उत्तर द्यायला बांधील आहे. सत्तेपुढे एकट्याची बाजू घेण्याची रीत या मुलखाला नवी नाही. साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेतलं होतं. त्या काळी ते घेणं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणं होतं.

असा वकील नेमकं करतो तरी काय?

लोकांना वाटतं, कोर्टात मोठ्याने बोलतो. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कायद्याखालच्या तक्रारी जिथे चालतात तिथे, बोलणं थोडं आणि वाचणं फार. पुरावा मुख्यतः शपथपत्रावर आणि कागदावर चालतो, साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून उलटतपास घेण्याची वेळ क्वचित येते. गरज पडली तर सर्व्हेअरला (विम्याच्या नुकसानीची पाहणी करून रक्कम काढणाऱ्याला) किंवा डॉक्टरला लेखी प्रश्नावली देता येते.

त्यामुळे खरं काम आधीचं असतं. पॉलिसीची बारीक अक्षरातली सगळी पानं वाचणं. नकाराच्या पत्रात कोणतं कलम टाकलंय आणि ते कलम तुम्हाला दिलेल्या पॉलिसीत आहे तरी का, ते तपासणं. कित्येकदा कंपनीने ग्राहकाला दिलेले असतात दोन कागद आणि आयोगात हजर करते चाळीस पानांच्या अटी. त्या अटी कधी, कशा पोहोचवल्या याची पोचपावती मागितली की समोरच्या बाजूची अडचण सुरू होते. मग तारखांचा तक्ता करायचा. काय कधी झालं, कोणाला कधी कळवलं, उत्तर कधी आलं. माझ्या मते चांगली तक्रार म्हणजे हा तक्ता आणि त्याला जोडलेले कागद, बाकी भाषा कमीत कमी.

आणि एक काम असं की ज्याचे पैसे कोणी देत नाही : 'तुमच्या प्रकरणात दम नाही, यात पडू नका' हे तोंडावर सांगणं. मी ते सांगतो. राग येतो माणसाला, पण तीन वर्षं फुकट जाण्यापेक्षा बरं.

वकील लावलाच पाहिजे का?

नाही. जिल्हा आयोगात तुम्ही स्वतः तक्रार देऊ शकता, स्वतः बोलू शकता. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आधी ई-दाखिलवर होत असे, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आलं आहे. तक्रार करण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. घरपोच आलेली बिघडलेली वस्तू, परत न आलेले पैसे असल्या गोष्टी तिथेच मिटतात आणि वकिलाची गरजच उरत नाही.

विम्याचा मोठा दावा, वैद्यकीय निष्काळजीपणा आणि बुडालेल्या ठेवी, या तिन्हींत मात्र वकील घ्या असंच मी सांगेन. समोर रोज हेच काम करणारा माणूस उभा असतो.

कोर्ट फी किती लागते? दावा ३० लाखांचा आहे.

दाव्याच्या रकमेवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर. हा फरक फार कमी लोकांना माहीत असतो. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. म्हणजे ४० हजार हप्ता भरून काढलेल्या पॉलिसीचा ३० लाखांचा दावाही सांगलीच्या जिल्हा आयोगातच चालतो, आणि फी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हीच पद्धत योग्य ठरवली.

मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून जास्त असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग.

साहेब, आत्ता पैसे नाहीत. जिंकलो तर त्यातले निम्मे तुमचे. चालेल का?

चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं भारतात वकिलाला मना आहे, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या आणि अपघातग्रस्तांच्या बाजूने लढणारे वकील याच पद्धतीवर काम करतात : हरले तर फी नाही, जिंकले तर ठरलेला हिस्सा. तिथे नुकसानभरपाई ठरवायला ज्युरी बसते, आकडे मोठे निघतात, म्हणून ते गणित जमतं. आपल्याकडे ज्युरी नाही, आणि मानसिक त्रासाची भरपाई बहुतेक निकालांत काही हजारांत असते. मोबाइलवर तिकडच्या कोट्यवधींच्या निकालांचे व्हिडिओ पाहून आकडा मनात धरून येऊ नका.

फी हप्त्याने देता येते. ती पहिल्याच दिवशी बोलून घ्या : तक्रारीची किती, अपील झालं तर वेगळी किती, टायपिंग-झेरॉक्स कोणाकडे. दिलेल्या पैशांची पावती मागायला लाजू नका. जो वकील 'टक्केवारीवर करतो' म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. रक्कम हातात आल्यावर भांडण त्याच्याशी सुरू होतं.

मग गरिबाने काय करायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच कायद्यात पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्यांचाही उल्लेख आहे. सांगलीला कृष्णेचं पाणी काही नवीन नाही, तरी ही तरतूद पूरग्रस्तांपैकी फार थोड्यांना माहीत असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

पुरात दुकानाचा माल गेला. विमा कंपनी निम्मेही द्यायला तयार नाही. काय करू?

याचं उत्तर मोठं आहे, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि त्यानंतर कितीतरी दुकानदार हाच प्रश्न घेऊन आले. जुलै २०२१ ला पुन्हा तेच.

एका कापड दुकानदाराचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. पाणी ओसरल्यावर आठवड्याने शटर उघडलं. खालचे तीन कप्पे चिखलाने भरलेले, साड्यांचे गठ्ठे फुगून एकमेकांना चिकटलेले, वास असा की आत उभं राहवेना. वहीखातं गल्ल्याखालच्या कपाटात होतं, त्याचा लगदा झालेला. महापालिकेची गाडी आली तसा त्याने सगळा माल त्यात टाकून दिला. दुकान धुतलं. मग सर्व्हेअर आला आणि त्याने विचारलं, माल दाखवा. आणि स्टॉक रजिस्टर दाखवा.

दोन्ही नव्हतं. सर्व्हेअरने भिंतीवरची ओल आणि उरलेले काही गठ्ठे बघून अंदाज बांधला, त्यातून घसारा कापला, जुना माल म्हणून आणखी कापलं, आणि वर 'ॲव्हरेज' लावलं. हे ॲव्हरेज नीट समजून घ्या. दुकानात २० लाखांचा माल आणि पॉलिसी १० लाखांची असेल, तर कंपनी म्हणते तुम्ही निम्म्याचाच विमा काढलाय, म्हणून नुकसानही निम्मंच देणार. ६ लाखांचं नुकसान झालं तर हातात ३. पॉलिसीत तशी अट असते, आणि ती बेकायदा नाही. दरवर्षी हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिणाऱ्यांना हा फटका पुराच्या वेळी बसतो.

पण बाकीचं परत मिळवता आलं. कसं? वही बुडाली तरी माल कुठे कुठे नोंदलेला असतो ते शोधलं. बँकेत सीसी खातं, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्जखातं, होतं, तिथे दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट निघालं. जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर होती. सुरत आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनी बिलांच्या प्रती पुन्हा पाठवल्या, ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी मिळाल्या. शेजारच्या पोराने मोबाइलवर काढलेल्या फोटोत शटरच्या कितव्या पट्टीपर्यंत पाणी आहे ते दिसत होतं, त्यावरून कोणते कप्पे बुडाले ते टेप लावून सिद्ध करता आलं. शासकीय पंचनामा होताच. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलंय. अहवाल महत्त्वाचा असतो, पण त्याच्या विरुद्ध ठोस कागद आले तर बाजूला ठेवता येतो.

'तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही' असा आक्षेप कंपनीने घेतला तर घाबरू नका. धंद्यासाठी वस्तू विकत घेणं वेगळं आणि नुकसानीपासून बचाव म्हणून विमा घेणं वेगळं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात दिला आहे.

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी : पॉलिसी काढून बघा. पूर बहुतेक वेळा आगीच्या पॉलिसीतच 'एसटीएफआय' या नावाने असतो, तो वगळून हप्ता कमी केलेला नाही ना ते पाहा. मालाची यादी दर महिन्याला स्वतःच्या ई-मेलवर टाका. आणि पूर आलाच, तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत खराब माल फेकू नका. रोगराईच्या भीतीने फेकावाच लागला तर आधी व्हिडिओ काढा, गठ्ठे मोजा, कंपनीला ई-मेल करा, मग फेका.

'फुल अँड फायनल'वर सही केली. आता संपलं का सगळं?

संपलं असं नाही. 'सगळी रक्कम मिळाली, आणखी मागणं नाही' अशा कागदावरची ही सही दबावाखाली, फसवून किंवा नाइलाजाने घेतली असेल तर दावा जिवंत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितलंय. पण दबाव सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. 'पैशांची गरज होती' एवढ्याने भागत नाही. सही करणं भागच असेल तर त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करा : रक्कम नाराजीने, उरलेला हक्क राखून स्वीकारत आहे. ही एक ओळ मी आजवर पाहिलेल्या कित्येक मोठ्या युक्तिवादांपेक्षा जास्त कामाची ठरली आहे. दोन महिन्यांनी वकिलाकडून लिहून घेतलेली तीच ओळ मात्र फार हलकी पडते.

बँकेत एफडी करायला गेलो, हातात विमा पॉलिसी आली.

निवृत्त शिक्षक, विधवा महिला, जमिनीचे पैसे आलेले शेतकरी यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. घरी आल्या आल्या कागद तुमच्या मुलाला, सुनेला, शेजारच्या शिकलेल्या पोराला दाखवा. 'प्रीमियम' असा शब्द दिसला की ती एफडी नाही.

३० दिवस उलटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे नाही ऐकलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते, मात्र आधी बँकेला लिहून ३० दिवस वाट पाहावी लागते. अर्ज भरतानाच्या सह्या, वय, उत्पन्न यांत काय लिहिलंय ते प्रस्तावाची प्रत मागवून पाहा. ७० वर्षांच्या निवृत्त माणसाचं उत्पन्न लाखोंत आणि व्यवसाय 'व्यापार' लिहिलेला दिसला, तर अर्ज भरणाऱ्यानेच आपला पुरावा तयार करून ठेवलाय असं समजा.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर कंपनी म्हणते, आजार लपवला होता.

पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे जीवन विम्याची पॉलिसी कोणत्याही कारणाने वादग्रस्त ठरवता येत नाही. तारीख मोजा. बंद पडून पुन्हा चालू केलेली पॉलिसी असेल तर चालू केल्यापासून मोजतात, तिथे अडचण येते. ३ वर्षांच्या आत मृत्यू झाला असेल तर लपवलं हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, आणि कोणत्या कागदाच्या आधारावर नाकारलं ते तिने लेखी कळवायचं असतं. तो कागद मागा. आरोग्य विम्यात ६० महिने सलग चालू राहिलेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय जुन्या आजाराचं कारण पुढे करता येत नाही.

पतसंस्थेत ठेव अडकली आहे. बँकेसारखे ५ लाख सरकार देईल ना?

नाही. आणि हे उत्तर देताना दर वेळी जिवावर येतं, कारण समोर बसलेल्या माणसाने बहुधा मुलीच्या लग्नाचे किंवा फंडाचे पैसे ठेवलेले असतात. ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, पण ते बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पाटीवर 'बँकेसारखी सेवा' लिहिलं म्हणून ती बँक होत नाही.

रस्ते तीन आहेत. पहिला ग्राहक आयोग. सभासद असलात तरी ठेवीदार म्हणून तक्रार चालते, सहकार कायद्यात वेगळी सोय आहे म्हणून दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या थिरुमुरुगन सोसायटीच्या निकालाने पक्कं झालं. दुसरा, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. यात पोलिसांत गुन्हा नोंदतो आणि मालमत्ता जप्त होऊ शकते. तिसरा सहकार खात्यामार्फत, कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करून घेणं.

कोणता घ्यायचा ते संस्थेकडे काय उरलंय त्यावर ठरतं. इमारत, जमीन, वसूल होण्यासारखी कर्जं असतील तर आयोगाचा हुकूम कामाचा. नुसतं कार्यालय आणि थकलेल्या कर्जांची यादी उरली असेल तर एकट्याने हुकूम मिळवून उपयोग थोडा, ठेवीदारांनी एकत्र यावं. समान हित असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार देता येते. आणि ठेवपावतीची मूळ प्रत 'नूतनीकरणासाठी' म्हणून देऊन टाकू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या.

बियाणं उगवलं नाही. कंपनी म्हणते पाणी कमी पडलं.

शेतकरी ग्राहक आहे. २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं, आणि हेही सांगितलं की पेरलेल्या बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने जपून ठेवला असेल अशी अपेक्षा करता येत नाही.

तरी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल जपा. कच्च्या चिठ्ठीवर बियाणं देणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका, दोन-चार रुपये स्वस्त असलं तरी. उगवण कमी दिसताच तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने पीक शेतात उभं असतानाच पाहणी करायला हवी. पंचनाम्यात 'बियाण्यातील दोष' असा निष्कर्ष आहे की नुसती 'उगवण कमी' अशी नोंद, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सही करण्यापूर्वी वाचा. कंपनीच्या प्रतिनिधीला पाहणीची सूचना दिली होती का, तेही त्यात यायला हवं, नाहीतर पुढे तोच मुद्दा काढतात. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदारांनी औषधांच्या बाबतीतही हेच करावं : बाटली, बिल, बॅच नंबर, फवारणीची तारीख.

मिरजेच्या रुग्णालयात माणूस गेला. डॉक्टरांवर केस करायची आहे.

थांबा, आधी कागद आणा. मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या लोक उपचाराला येतात, कर्नाटकातूनही येतात, आणि तिथे वाचलेल्यांची संख्या मोठी आहे. माणूस दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नसतं. दुःखात असलेल्या घरच्यांना हे सांगणं फार कठीण जातं, तरी सांगावं लागतं.

१९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार करणारं रुग्णालय येत नाही. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांचे कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पूर्ण इनडोअर केस पेपर मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. ते कागद मी आधी दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवतो. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, पण ते नसताना जिंकलेली प्रकरणं थोडी. रुग्णालयात तोडफोड केली असेल तर तुमची बाजू तिथेच पडते.

कर्ज फेडलं, बँक घराचे मूळ कागद देत नाही.

१ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम लिहून शाखेत अर्ज दिला की बहुतेक वेळा कागद सापडतात.

फ्लॅटचा ताबा रखडला. ग्राहक आयोग की महारेरा?

महारेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. दोन्हीपैकी एक, निवड तुमची. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसं सांगितलंय.

ट्रकने धडक दिली, तो दावाही इथेच का?

नाही, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. त्यात आता ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा दहावं-तेरावं झाल्यावर फार थांबू नका.

करारात लिहिलंय, वाद झाला तर मुंबईलाच आणि लवादापुढेच.

लिहू दे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. जतच्या किंवा आटपाडीच्या माणसाने सांगलीतच तक्रार द्यायची. लवादाच्या अटीमुळेही ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. एक पाळा : कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. विम्यात सहसा नकाराचं पत्र मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. उशीर माफ होऊ शकतो, पण माफीवर भरवसा ठेवून बसू नये.

किती दिवसांत निकाल लागतो?

कायद्यात ३ महिने, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि जो वकील सहा महिन्यांत निकालाची हमी देतो तो खरं बोलत नाही. एक गोष्ट मात्र वेळेत होते. जाबदाराला, म्हणजे समोरच्या बाजूला, लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. २०२० साली घटनापीठाने सांगितलं की ४५ दिवसांनंतर एक दिवसही वाढवून मिळणार नाही. ही तारीख तुम्ही स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि वकिलाला आठवण करा.

कंपनी तडजोड करू म्हणते. घ्यावी का?

आकड्यावर अवलंबून आहे. मुद्दल आणि थोडं व्याज मिळत असेल, प्रकरणात एखादा कागद कच्चा असेल, पक्षकाराचं वय झालं असेल, तर मी घ्या म्हणतो. कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, आयोगच तिकडे पाठवू शकतो. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, हे तुमच्या फायद्याचं आणि तोट्याचंही. तडजोडीत रक्कम, तारीख आणि त्या तारखेला नाही दिली तर व्याज किती, हे तिन्ही लिहून घ्या. 'लवकरात लवकर' असं लिहिलेल्या पुरसिसीवर (आयोगात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका.

माझ्याच वकिलाने घोळ केला तर त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येईल?

नाही. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल दिला. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. इतरांना ग्राहकांपुढे जबाबदार धरणाऱ्या आम्हा वकिलांवर त्यामुळे कागद नीट सांभाळण्याची आणि पक्षकाराला वेळच्या वेळी कळवण्याची जबाबदारी जास्तच येते, असं मी मानतो. तारखेला काय झालं ते विचारा. फाइल परत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

निकाल माझ्या बाजूने लागला, पण पैसे देत नाहीत.

आधी बघा, अपील झालंय का. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, आणि रक्कम द्यायचा हुकूम झालेल्या कंपनीला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. स्थगिती नसेल तर थांबायचं कारण नाही. त्याच आयोगात दरखास्त दाखल करायची. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, बँक खातं किंवा मालमत्ता जप्त करता येते. कलम ७२ खाली हुकूम न पाळणाऱ्याला १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५ हजार ते १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी बहुतेक वेळा दोन्ही दाखल करतो. व्यवस्थापकाच्या नावाने वॉरंट निघणार असं दिसल्यावर मुख्य कार्यालयातून धनादेश यायला फार वेळ लागत नाही.

दरखास्तीला येताना निकालाची सही-शिक्क्याची प्रत, आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आणि निकालानंतर कंपनीला पाठवलेल्या पत्राची पोच घेऊन या. व्याजाचा हिशेब आम्ही करतो, पण तारीख तुम्ही सांगायची : काही रक्कम मध्ये जमा झाली असेल तर ती कोणत्या दिवशी झाली, ते पासबुकात भरून आणा.